आहेस का, ताई?

ताई, काल सकाळी तुझ्या बेटाजवळ पुन्हा हादरा बसल्याची बातमी फोनवर आली आणि मी चहा शेवटपर्यंत प्यायले.

दुसऱ्या कुणाला हे सांगून काही कळणार नाही. तुला कळेल. इतकी वर्षं ती बातमी आली की माझा चहा तिथेच निवायचा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी तुझा नंबर फिरवत राहायची, तिकडे रिंग वाजत राहायची, आणि तू आपली गोठ्यात, नाहीतर बोट आली म्हणून धक्क्यावर सामान उतरवायला गेलेली. जपानच्या खालच्या अंगाला समुद्रात साबुदाणा सांडावा तशी ती तोकारा बेटं. त्यातल्या एका दाण्यावर माझी सख्खी बहीण गाई पाळून राहते, असं मी सांगायची तेव्हा लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "पण का?" मला तरी कुठे धड माहीत होतं.

काल मात्र पहिला विचार आला तो हा, की आता ताई त्यात सापडणार नाही. तू जाऊन महिनासुद्धा झालेला नाही आणि मला हे सुचलं. श्रीकांतला सांगितलं. तो माझा नवरा असूनही तुझ्या मते या घरातला एकमेव शहाणा माणूस. तो म्हणाला, "सुटलीस गं तू एकदाची." खरं सांगते, मला राग आला नाही. सुटलेच आहे मी. एवढी वर्षं टांगणीला लागलेला जीव परत जागेवर आलाय, आणि आता त्याचं करायचं काय, ते कळत नाहीये.

याची सुरुवात तुझ्यापासून नाही, बाबांपासून आहे. कोयनेच्या धरणाजवळची आपली वसाहत, पाटबंधारे खात्याचं पत्र्याचं क्वार्टर. मोठा भूकंप तुला थोडाफार आठवायचा, मला नाही. मला आठवतात ते नंतरचे, छोटे. फळीवरच्या कपबशा किणकिणायच्या, कुत्री ओरडायची, आणि बाबा अंगणात उभे राहून हाका मारायचे. आधी आई, मग तू, मग मी. उत्तर ठरलेलं होतं. 'ओ' चालायची नाही. "ओ काय, ढेकर देतानासुद्धा येते," म्हणायचे. "'आहे' म्हणायचं. नीट, मला ऐकू येईल असं."

एकदा तू बोलली नाहीस. सहलीला पाठवलं नाही म्हणून बाबांवर रुसून धान्याच्या कणगीमागे पुस्तक घेऊन बसली होतीस. कपबशा वाजल्या, बाबांनी हाक मारली, आई म्हणाली आहे, मी म्हणाले आहे, आणि तू गप्प. बाबा अनवाणी धावत आत गेले. मला वाटलं, आता ताईला मार बसणार. पण त्यांनी तुला नुसतं पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "भांडण असू दे. आधी आहे म्हण. मग भांड." त्यांचा आवाज कापत होता. तसा तो मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पुढे आयुष्यभर आपण दोघींनी हा नियम पाळला. सगळ्यात जास्त त्याचा दुसरा भाग.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी तू शिकायला गेलीस तेव्हा घरात तुझा केवढा रुबाब होता. आणि तिथून तू सांगितलंस की केंजी नावाच्या मुलाशी लग्न करते आहे, त्याच्या आईवडिलांच्या गाई आहेत, आणि ते राहतात त्या बेटाला आठवड्यातून दोनदा बोट लागते. आई म्हणाली, "शिकून शेवटी शेणच काढायचं होतं तर पाटणला काय वाईट होतं?" मीही तोवर लग्न होऊन न्यू जर्सीला आले होते. मीही तुला फोनवर नको नको ते बोलले. नाव वसुधा, आणि राहायला चाललीस हलणाऱ्या जमिनीवर. तू म्हणालीस, "अगं, मला तेच तर येतं."

बेटावर तुझं नाव कुणाला घेता येईना. पासपोर्टवरचा इंग्रजी 'व्ही' त्यांच्या जिभेला जमत नाही, म्हणून तू झालीस बासुदा. मी म्हणाले, म्हणजे बासुंदीची थोरली बहीण. तूही काही कमी नव्हतीस, गाईंची नावं ठेवलीस कपिला आणि ढवळी, आणि एक गेली की पुढचीलाही तेच नाव. त्यांच्या जिभेला 'ल'सुद्धा जमत नाही, त्यामुळे कपिलेची झाली कापिरा. ढवळीचं काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. विचारलं की नुसती हसत सुटायचीस.

लग्नानंतरचा तुझा पहिला फोन मला अजून पाठ आहे. तू आनंदाने जवळजवळ ओरडत होतीस. तिथे पहिला हादरा बसला, आणि थांबल्याबरोबर बांबूच्या कुंपणापलीकडून शेजारच्या हारुको-सानने हाक मारली, "इरु?" केंजीने इकडून उत्तर दिलं, "इरु." तू त्याला अर्थ विचारलास. अर्थ होता 'आहेस का?' आणि उत्तराचा अर्थ 'आहे'. "सुमे," तू म्हणालीस, "ही बाई बाबांचाच शब्द बोलते." मला तेव्हा त्याचं एवढं काही वाटलं नाही. कॉल महाग होता आणि माझं पोळ्यांचं पीठ मळायचं राहिलं होतं.

मी तिथे एकदाच आले. रात्रभर बोटीत पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं आणि सकाळी धक्क्यावर उतरले, तर अख्खं गाव हजर. मला वाटलं, माझ्या स्वागताला. तू म्हणालीस, "दोर धरायला आणि खोकी उतरवायला. तूही धर." मी अमेरिकेहून आलेली पाहुणी, पहिल्या पाच मिनिटांत माझ्या हातात कुणाची तरी बटाट्याची गोणी. दुसऱ्या दिवशी आपण जेवायला बसलो आणि हादरा आला. मी टेबलाखाली. तू आणि केंजी आमटीचं पातेलं धरून तसेच बसून. कुंपणापलीकडून हाक आली, "बासु-सान, इरु?" तू उत्तर दिलंस. केंजीने दिलं. मग हाक आली, "सुमा-सान, इरु?" मला वाटलं, तू सांगशील माझ्या वतीने. तू पातेल्यावर झाकण ठेवलंस आणि वाट बघत राहिलीस. पलीकडे हारुको-सान वाट बघत राहिली. शेवटी टेबलाखालून मी म्हणाले, "इरु." तेव्हा कुठे तू आमटी वाढलीस. जपानी भाषेतला तेवढा एक शब्द मला येतो.

केंजी गेल्यावर आपलं भांडण सुरू झालं ते झालंच. मी म्हणायची, आता तिथे तुझं कोण आहे? मी तिकीट बुक करते, तू फक्त हो म्हण. इथे खालची बेडरूम रिकामी आहे, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत वाट्टेल ते मिळतं, डॉक्टर दहा मिनिटांवर. तुझ्या बेटावर आहे ती एक नर्स. मी तुला कुठलं हेल्मेट घ्यायचं, कपाटं भिंतीला कशी ठोकायची याचे व्हिडिओ पाठवायची. तू म्हणायचीस, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इथे शाळेतल्या पोरांनापण तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

एकदा तू विचारलंस, "तुझ्या समोरच्या घरात कोण राहतं?"

"वॉल्टर म्हणून एक आहे."

"त्याची बायको?"

"ती वारली बहुतेक."

"बहुतेक?"

मी म्हणाले, अगं, इथे असं कोणी कुणाच्या घरात डोकावत नाही, प्रायव्हसी असते. त्यानंतर मी अमेरिकेची कुठलीही गोष्ट वाखाणली की तू पलीकडून म्हणायचीस, "बहुतेक."

मग तो उन्हाळा आला. तेव्हा हादरे थांबेचनात. तुम्ही सगळे शाळेच्या मैदानावर झोपत होतात. बसल्याजागी जमीन हलत नसली तरी हलल्यासारखी वाटते, असं तू सांगायचीस. गावाने सांगितलं, ज्यांना जायचं असेल त्यांनी बोटीत बसा. हारुको-सानसुद्धा मुलीकडे कागोशिमाला गेली. तू नाही गेलीस. कपिला गाभण होती म्हणे. आणि त्यात एकदा फोन बंद पडला. एक पूर्ण दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस गेला. मी काय काय ठरवून ठेवलं होतं तुला बोलायचं. गाईपेक्षा बहीण स्वस्त झाली का, असं सगळं. फोन लागला आणि मी काही म्हणायच्या आत तू म्हणालीस, "आहे गं, आहे." आणि माझ्याकडे भांडायला काहीच उरलं नाही. मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं लाइन गेली. लाइन गेली नव्हती, ताई. मी जमिनीवर बसून रडत होते. हे तुला सांगायचं राहिलं.

आमच्या अनयाच्या लग्नाला तू आलीस ती महिन्याभरासाठी. लेकीपेक्षा तूच जास्त नटलीस. गाई बेटावरच्या एका तरुण जोडप्याकडे सोपवून आली होतीस आणि रोज व्हिडिओवर कपिलेच्या वासराचं तोंड बघत होतीस. लग्न झालं, आणि तुझं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरने समोर बसवून सांगितलं की आता एवढा लांबचा प्रवास होणार नाही. घरी आल्यावर म्हणालीस, "मला इथे मरायचं नाही, सुमे."

मी म्हणाले, काय कमी आहे इथे?

"इथे कोणी हाक मारत नाही."

मी खूप बोलले त्यावर. मी नाही का? श्रीकांत नाही का? अनया रोज फोन करते, ती नाही का? तू म्हणालीस, तुम्ही माझीच माणसं, तुम्ही हाक माराल. मी त्यांच्याबद्दल बोलते आहे ज्यांना हाक मारायची गरज नाही. तुला परत पाठवणं शक्य नव्हतं आणि तुला नको त्या ठिकाणी मरू देणं मला बघवत नव्हतं. रोज सकाळी खाली येताना जिन्यावरून मी म्हणायची, "ताई, आहेस का?" आणि तू म्हणायचीस, "आहे. आता भांड." पण भांडायची वेळ टळून गेली होती, हे दोघींनाही दिसत होतं.

मग तो दिवस. साधा कामाचा दिवस, भर सकाळची वेळ. मी माझ्या मीटिंगमध्ये, कॅमेऱ्यापुरती नीटनेटकी. खिडकी थरथरली. मला वाटलं, वॉशिंग मशीनचं स्पिन सुरू झालं. मग कपाटातली भांडी वाजली आणि खालून तुझं हसू ऐकू आलं. कित्येक आठवड्यांनी. "अगं, हा आपला!" तू ओरडलीस. न्यू जर्सीत भूकंप. मी मीटिंग तशीच सोडून जिन्याकडे धावले आणि तू लग्नाची वरात आल्यासारखी खूश.

"सुमे, आहेस का?"

"आहे."

"श्रीकांत?"

तो मॅनहॅटनला ऑफिसात. मला फोन लावायला लावलास. तो म्हणाला, "आहे, आहे, मीटिंगमध्ये आहे." अनयाला लावला. ती म्हणाली, "मावशी, आय ॲम फाइन, इट वॉज टायनी." तू म्हणालीस, "फाइन नको. आहे म्हण." तिने मुकाट्याने म्हटलं.

मग म्हणालीस, मला बाहेर ने. मी व्हीलचेअर ड्राइव्हवेवर नेली. गल्लीतले लोक बाहेर आले होते, हातात फोन, प्रत्येक जण आपापल्या लॉनवर. समोर वॉल्टर बाथरोबमध्ये, बर्फ उपसायचं फावडं हातात घेऊन. ते का, त्यालाच ठाऊक. आणि तू हात तोंडाशी नेऊन, गाईंना हाकारायच्या त्या आवाजात ओरडलीस, "वॉल्टर! आर यू?"

तो बघत राहिला. "ॲम आय व्हॉट?"

मी खाली वाकून म्हणाले, ताई, असं नाही म्हणत, 'आर यू ओके' म्हणायचं. तू म्हणालीस, ओके आहे का ते नाही विचारायचं मला. चाळीस वर्षांपूर्वीचं तुझं कॉलेजचं इंग्रजी गंजलं होतं हे खरं, पण मला अजून संशय आहे की तू मुद्दाम केलंस. पुन्हा ओरडलीस, "जस्ट, आर यू?"

वॉल्टरने फावडं खाली ठेवलं. जरा विचार केला. मग म्हणाला, "वेल, येस. आय गेस आय ॲम." आणि रस्ता ओलांडून तुझ्याजवळ आला.

वीस वर्षांत मी त्याला कचऱ्याच्या डब्यांच्या दिवशी हात हलवत आले होते. अर्ध्या तासात तुला त्याच्या बायकोचं नाव कळलं, ती कधी आणि कशाने गेली ते कळलं, आणि भूकंप झाल्यावर तो आधी तिच्या खोलीत धावला होता, मग आठवलं, हेही कळलं. बायकोचं नाव डोरोथी. बहुतेक नाही, नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उचलायला तो बाहेर आला आणि तुझ्या खिडकीकडे बघून ओरडला, "वासु! आर यू?" तू आतून ओरडलीस, "आय ॲम!" मग हे रोजचंच झालं. तुझा आवाज बारीक होत गेला तसा तो लॉनवर पुढे पुढे यायला लागला. शेवटी शेवटी माझ्या गुलाबाच्या वाफ्यात उभा राहून हाक मारायचा. गुलाब काय, पुन्हा येतील.

त्याच सुमारास एकदा मी तुझे केस विंचरत होते. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "सुमे, इथेही चालेल." मी कंगवा थांबवला. काय चालेल, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण दोघी रडलो असतो आणि तुझ्या केसांचा गुंता तसाच राहिला असता. पण त्या क्षणी माझ्या जिवात जीव आला, ताई. तुझ्या मरणाने मला सुटल्यासारखं वाटतं असं मी वर म्हटलं, ते नीट सांगायचं तर इथून वाटायला लागलं. तू हट्ट सोडलास म्हणून नाही. तुला हवं होतं तसं इथे काहीतरी घडलं म्हणून.

तू गेलीस त्या सकाळी मी जिन्यावरून हाक मारली आणि उत्तर आलं नाही. मी तिथेच पायरीवर उभी राहिले. कणगीमागे पुस्तक घेऊन बसली असशील असं क्षणभर वाटलं. मग खाली आले. तुझा चेहरा झोपल्यासारखा होता, हात उशाखाली, काही पडलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं, वरचं छत जागच्या जागी होतं. इतकी वर्षं मी ज्याची भीती घेऊन जगले ते हे नव्हतं. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." पुन्हा म्हणाले, "बरं झालं गं."

बाहेरून वॉल्टरची हाक आली. एकदा आली, मग दुसऱ्यांदा नाही आली. थोड्या वेळाने पाहिलं तर त्याने आमचे कचऱ्याचे डबे आत आणून ठेवले होते आणि तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. मी त्याला आत घेतलं आणि चहा दिला. आमच्या घरात तो पहिल्यांदाच बसला.

बेटावर अनयाने कळवलं, फोनमधल्या भाषांतरावरून, त्या गाईवाल्या जोडप्याला. त्यांनी कपिलेचा फोटो पाठवला. अस्थी निम्म्या इथे नदीत सोडल्या. निम्म्या केंजीशेजारी ठेवायला श्रीकांत आणि मी घेऊन येणार आहोत. बोटीत मला पुन्हा उलट्या होतील. धक्क्यावर उतरल्यावर दोर धरेन, काळजी करू नकोस.

तर काल. बातमी आली, मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला. आणि मग माझा हात आपोआप फ्रिजकडे गेला. तिथे तू स्वतः लावून ठेवलेला नंबर आहे, 'माझा फोन लागला नाही तर हारुको-सान'. इतक्या वर्षांत तो मी कधीही फिरवला नव्हता, कारण उशिरा का होईना तुझा फोन लागायचा. ती आता बेटावर परत आली आहे, एकटी आहे, ऐंशीच्या पुढची आहे. नंबर लावला. रिंग वाजत राहिली. आणि मी पुन्हा ओट्याला टेकलेली, रिंगा मोजत. सुटले सुटले म्हणत होते ना मी, ती काळजी सकाळी आठ वाजता जशीच्या तशी परत.

तिने फोन उचलला. मला बोलता काय येणार? मी म्हणाले, "हारुको-सान, इरु?"

फोनवर आपले आवाज सारखे येतात, आईसुद्धा फसायची, हे मी विसरले होते. तिने हळूच विचारलं, "बासु-सान?"

"नाही," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. "सुमा."

"आ, सुमा-सान." मग तिने श्वास सोडलेला ऐकू आला. "इरु," ती म्हणाली. "इरु, इरु." आणि मग जपानीत ती खूप वेळ बोलत राहिली. त्यात दोनदा तुझं नाव आलं, एकदा कापिराचं. मी हुंकार देत ऐकत राहिले. बोलणं संपलं. मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. ती ठेवेना. कुंपणापलीकडे वाट बघत राहायची तशी वाट बघत राहिली, आणि मग तिने विचारलं,

"सुमा-सान, इरु?"

मी ओट्याची कड धरली, आणि नीट, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आहे."